दमास्कस पोलादाच्या सुऱ्या

पात्याच्या पृष्ठावर पाण्याच्या लहरींसारखी, लाकडातील रेषांसारखी किंवा शिडीच्या पायऱ्यांसारखी नक्षी असलेल्या, हाताने घडविलेल्या पोलादी सुऱ्या. ही नक्षी पात्यावर रंगविलेली वा कोरलेली नसते. पोलादाच्या अंतर्रचनेत जागोजागी जो फरक असतो, तो पाते घासून गुळगुळीत केल्यावर सौम्य अम्लाच्या क्रियेने उघड होतो व नक्षी दिसू लागते. ‘दमास्कस पोलाद’ हे एकच नाव दोन अगदी भिन्न पदार्थांना दिले जाते. पहिला पदार्थ म्हणजे मुशीत वितळवून केलेले उच्च कार्बनी पोलाद होय. त्याची नक्षी ते थिजताना व घडविले जाताना आपोआप निर्माण होते. दुसरा म्हणजे दोन वा अधिक प्रकारच्या पोलादांचे पट्टे तापवून व ठोकून एकजीव केलेले थरांचे पोलाद. त्याची नक्षी कारागीर योजनापूर्वक घडवितो. आज मागणीनुसार हाताने केल्या जाणाऱ्या नक्षीदार सुऱ्या बहुतांशी दुसऱ्या प्रकारच्या असतात. या दोहोंमधील भेद ध्यानात न घेतल्यामुळे या सुऱ्यांच्या गुणांविषयी अनेक चुकीच्या समजुती रूढ झाल्या आहेत.

मुशीतील पोलाद : हे पोलाद मूळचे दक्षिण भारत व श्रीलंका येथील होय. मध्य आशियातही मुशीतील पोलाद तयार होत असे. कन्नड व तेलुगू भाषांतील ‘उक्कु’ या शब्दावरून यूरोपीय लेखनात त्यास ‘वूट्झ’ हे नाव पडले. फार्सी व उर्दूत त्याच्या नक्षीस ‘जौहर’ म्हणतात. मृदू लोखंडाचे तुकडे, तरवडाच्या लाकडाचे कपटे व रुईसारख्या वनस्पतींची पाने मातीच्या मुशीत घालून मुशीचे तोंड मातीने लिंपीत आणि मूस कोळशाच्या भट्टीत कित्येक तास तापवीत. लाकूड व पाने यांतील कार्बन लोखंडात शिरल्याने त्याचा वितळबिंदू उतरे व ते मुशीत वितळे. मग मूस सावकाश थंड होऊ दिली म्हणजे पोलादाची लहानशी लगड मिळे. तिच्यात सामान्यतः १ ते २ टक्के कार्बन असे. आजच्या तेलंगणातील निझामाबाद जिल्ह्यातील कोनसमुद्रम्, तमिळनाडूतील सेलमचा परिसर व म्हैसूरचा प्रदेश ही या उद्योगाची प्रसिद्ध केंद्रे होती. गोवळकोंड्याच्या राज्यातील पोलाद इराणात जात असल्याचा उल्लेख सतराव्या शतकातील फ्रेंच प्रवासी ताव्हेर्न्ये याने केला आहे. इराण व पश्चिम आशियातील कारागीर या लगडींपासून तलवारी व खंजीर घडवीत. यूरोपीयांना ही पाती पश्चिम आशियात पाहावयास मिळाल्यामुळे त्यांना दमास्कस शहराचे नाव मिळाले, असे सामान्यतः मानतात. अशा रीतीने माल दख्खनचा आणि नाव सिरियातील शहराचे, अशी स्थिती झाली.

या पोलादाच्या शास्त्रीय अभ्यासाचा आरंभ मुंबईशी निगडित आहे. मुंबई येथे ईस्ट इंडिया कंपनीच्या सेवेत असलेले डॉक्टर हेलेनस स्कॉट यांनी वूट्झचे नमुने लंडनच्या रॉयल सोसायटीचे अध्यक्ष जोझेफ बँक्स यांच्याकडे पाठविले. त्यांवरील जॉर्ज पिअर्सन यांचा निबंध १७९५ मध्ये सोसायटीपुढे वाचला गेला. पुढे लोहाराचा मुलगा असलेले मायकेल फॅराडे यांनी १८१९ पासून सुरीकार जेम्स स्टोडार्ट यांच्यासह वूट्झवर व पोलादाच्या मिश्रधातूंवर प्रयोग केले. वूट्झचे गुण त्यातील ॲल्युमिनियमामुळे असावेत, हा फॅराडे यांचा तर्क मात्र बरोबर ठरला नाही. पॅरिसच्या टाकसाळीतील ब्रेआं यांनी १८२० नंतरच्या काही वर्षांत नक्षीचा संबंध कार्बनाच्या प्रमाणाशी जोडला. रशियातील झ्लातोउस्त येथे अनोसोव्ह यांनी असे पोलाद तयार करून त्यावरील ग्रंथ १८४१ मध्ये प्रसिद्ध केला.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस भारतातील हा धंदा जवळजवळ संपुष्टात आला. बेसेमर पद्धतीचे (१८५६) स्वस्त पोलाद, लाकडी कोळशाची टंचाई व तलवारींना उरलेली अल्प मागणी ही त्याची प्रमुख कारणे होत. कारागिरांचे ज्ञान लेखी नव्हते. ते बापाकडून मुलाकडे हातोहात जाई. भट्ट्या विझल्या तसे ते ज्ञानही लोपले. अमेरिकेतील धातुवैज्ञानिक जॉन व्हेरहोव्हन व नालबंद-लोहार आल्फ्रेड पेंड्री यांनी विसाव्या शतकाच्या शेवटच्या दोन दशकांत प्रयोग करून जुन्यासारखी पाती पुन्हा घडविली. पोलादातील व्हॅनेडियमासारख्या मूलद्रव्याचे ०·०१ टक्क्याहूनही कमी प्रमाण नक्षीस निर्णायक ठरते, असे त्यांना आढळले. घनीभवनाच्या वेळी ही अशुद्धी विशिष्ट पातळ्यांत साचते व पुनःपुन्हा तापविणे-ठोकणे चालू असता लोह कार्बाइडाचे सूक्ष्म कण त्याच पातळ्यांत गोळा होतात. अम्लक्रियेनंतर हे कार्बाइडाचे पट्टे पांढरे व मधला भाग काळपट दिसतो. योग्य खनिज संपल्यावर तीच कृती करूनही नक्षी उमटेनाशी झाली असावी, असा त्यांचा निष्कर्ष आहे. हे पोलाद मंद लाल उष्णतेवरच ठोकावे लागते. पिवळ्या उष्णतेवर काम करण्याची सवय असलेल्या यूरोपीय लोहारांच्या हातून ते घणाखाली फुटत असे.

थरांचे पोलाद : लोखंडाचे पट्टे एकमेकांवर ठेवून भट्टीत तापविणे व घणाने ठोकून जोडणे ही कृती निरनिराळ्या देशांत प्राचीन काळापासून चालत आलेली आहे. एकाच तुकड्यात पुरेसे व एकसारखे चांगले पोलाद मिळणे कठीण होते, हे तिचे मूळ कारण होय. लहान तुकडे जोडून मोठे पाते करावे लागे व जोडताना दिसून येणाऱ्या रेषांतूनच नक्षीची कला वाढली. इंग्लंडमधील सटन हू येथे १९३९ मध्ये सापडलेल्या, सातव्या शतकातील दफनातील तलवारीचे पाते पिळलेल्या कांबींचे आहे. जावा बेटातील क्रीस या खंजिराच्या नक्षीस ‘पामोर’ म्हणतात. तिच्यासाठी प्रंबानन येथे पडलेल्या अशनीचे निकेलयुक्त लोखंडही वापरले गेले. इंडोनेशियातील क्रीसचा समावेश यूनेस्कोने २००८ मध्ये अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत केला. एकोणिसाव्या शतकात बेल्जियममधील लिएज येथे बंदुकांच्या नळ्या याच तत्त्वावर तयार होत. महाराष्ट्रातील लोहारही मृदू लोखंडाच्या अंगात पोलादाची धार ठोकून बसवीत असत. जोडण्याची क्रिया तीच असली, तरी तेथे उद्देश नक्षीचा नसून महाग पोलादाच्या काटकसरीचा असे.

आधुनिक काळात या कलेचे पुनरुज्जीवन मुख्यतः अमेरिकेत झाले. विल्यम मोरॅन यांनी थरांच्या पोलादाच्या सुऱ्या १९७३ मध्ये प्रदर्शनात मांडल्या व १९७६ मध्ये त्यांच्या पुढाकाराने ‘अमेरिकन ब्लेडस्मिथ सोसायटी’ ही पाती घडविणाऱ्या लोहारांची संस्था स्थापन झाली. त्यानंतर हे काम यूरोप, ऑस्ट्रेलिया, दक्षिण आफ्रिका इ. ठिकाणी पसरले. पाकिस्तानातील वझिराबाद येथून अशा सुऱ्या मोठ्या प्रमाणावर निर्यात होतात. स्वीडनमध्ये चूर्ण धातुविज्ञानाच्या पद्धतीने न गंजणारे नक्षीदार पोलाद तयार केले जाते.

घडण : (१) लगड तयार करणे : दोन पोलादे अशी निवडतात की, त्यांचे घडाईचे व कठिनीकरणाचे तापमान जवळजवळ सारखे असावे, परंतु अम्लाचा परिणाम मात्र वेगळा व्हावा. सु. ०·८ टक्के कार्बन असलेले मँगॅनीजयुक्त साधे पोलाद व सु. २ टक्के निकेल असलेले, करवतीच्या पात्यांचे पोलाद ही जोडी विशेष प्रचारात आहे. अम्लाने पहिले काळे पडते व दुसरे चकचकीत राहते. पट्ट्यांवरील गंज व पापुद्रे घासून काढतात आणि पट्टे आलटून पालटून रचतात. कडा बांधून वा झाळून गठ्ठ्यास धरण्यासाठी दांडा जोडतात. भट्टीत तो तापला म्हणजे त्यावर टाकणखार टाकतात. टाकणखार वितळून लोहाच्या ऑक्साइडास द्रवरूप करतो व हवेपासून पृष्ठाचे रक्षण करतो. गठ्ठा सु. १,२००° से. च्या आसपास पिवळा झाला व आतपर्यंत सारखा तापला म्हणजे त्यावर हलके पण झटपट घाव घालतात किंवा दाबयंत्राने तो दाबतात. या वेळी जोरदार घाव घातल्यास थर जुळण्याऐवजी घसरतात. द्रवरूप ऑक्साइड बाहेर फेकले जाऊन स्वच्छ धातू धातूला भिडतो व दोहोंचे स्फटिककण एकमेकांत वाढून जोड एकसंध होतो. उष्णता कमी पडल्यास आत फट राहते व ती पुढे पाते घासताना उघडी पडते. फार झाल्यास पोलाद ठिणग्या टाकीत जळते. हे जळलेले पोलाद कोणत्याही उपायाने सुधारत नाही.

जोडलेली लगड लांबवितात, तिचे तुकडे करतात व ते पुन्हा रचून जोडतात. आरंभी १३ पट्टे घेऊन लगडीचे प्रत्येक वेळी चार तुकडे केल्यास दोन फेऱ्यांत १३ × ४ × ४ = २०८ थर होतात. ४ मिमी. जाडीच्या पात्यात अशा प्रत्येक थराची जाडी सु. ०·०२ मिमी. म्हणजे केसापेक्षाही कमी भरते. प्रत्येक तापविण्यात काही धातू पापुद्र्यांच्या रूपाने गळून जातो. म्हणून अंतिम पात्यापेक्षा बरेच अधिक पोलाद आरंभी घ्यावे लागते. थर हजाराच्या पुढे गेल्यास ते डोळ्यांना वेगळे दिसत नाहीत व नक्षी पुसट होते.

(२) नक्षी : सपाट थर तसेच ठेवून पाते घासल्यास हाताच्या ठोक्यांमुळे आलेल्या चढउतारांची मुक्त नक्षी उमटते. नकाशावरील समोच्च रेषा जशा डोंगराचा आकार दाखवितात, तशाच या रेषा थरांचा उंचसखलपणा दाखवितात. नक्षीच्या सर्व युक्त्या या एकाच तत्त्वावर आधारलेल्या आहेत. लगडीवर ठराविक अंतराने आडव्या खाचा घेऊन ती पुन्हा ठोकून सपाट केली म्हणजे खालचे थर वर येतात व शिडीची नक्षी तयार होते. मुशीतील पोलादाच्या जुन्या तलवारींवरही ही नक्षी घेत व तिला ‘मुहम्मदाची शिडी’ असे नाव होते. खाचांऐवजी उथळ भोके पाडल्यास पावसाच्या थेंबांसारखी वर्तुळे मिळतात. लगडीची चौकोनी कांब करून ती तापवून पिळल्यास आणि मग सपाट केल्यास ताऱ्यांसारख्या आकृत्यांची रांग दिसते. अनेक कांबींचे छेद शेजारी शेजारी जोडून फुले, अक्षरे इ. आकृत्याही साधता येतात.

(३) आकार व उष्णता संस्करण : लगडीतून पात्याचे टोक, धारेकडील उतार व मुठीत जाणारा मागील भाग ठोकून काढतात. धारेची बाजू ठोकून पातळ होत असता पाते पाठीकडे वाकते. म्हणून त्याचा अंदाज आधीच घ्यावा लागतो. घडाईत वाढलेले स्फटिककण बारीक करण्यासाठी पाते दोन-तीन वेळा, दर वेळी थोड्या कमी तापमानास तापवून हवेत थंड होऊ देतात. त्यानंतर कानशीने वा अपघर्षक पट्ट्यावर घासून त्यास जवळजवळ अंतिम आकार देतात. धार मात्र या अवस्थेत जाड ठेवतात, नाही तर ती पुढच्या क्रियेत तडकते किंवा वेडीवाकडी होते.

नंतर पाते ८००°–८३०° से. पर्यंत तापवून कोमट तेलात बुडवितात. यालाच लोहार ‘पाणी देणे’ म्हणतात. साधन नसल्यास लोहचुंबकाने परीक्षा करतात, सु. ७७०° से. ला पोलादाचे चुंबकत्व नष्ट होते व त्याहून थोडे वर गेले की पाते बुडविण्यास योग्य होते. बुडविलेले पाते अत्यंत कठीण पण ठिसूळ असते. ते हातातून फरशीवर पडल्यासही मोडू शकते. म्हणून लगेच ते १८०°–२२०° से. तापमानास सु. दोन तास, बहुधा दोनदा, पुन्हा तापवितात. त्यामुळे थोडी कठिनता जाऊन चिवटपणा येतो. स्वयंपाकाच्या वा सामान्य कामाच्या सुरीस रॉकवेल सी मापाने ५८ ते ६१ ही कठिनता योग्य समजतात. यापुढील घासण्यात पाते हातास सोसवेल त्याहून अधिक तापू देत नाहीत, कारण कडेवर निळा रंग चढला म्हणजे तेथील कठिनता उतरली असे समजावे. [⟶ पोलाद].

(४) अम्लक्रिया : पाते क्रमाने अधिकाधिक बारीक काचकागदाने घासून व तेलाचा अंश काढून पाण्यात विरळ केलेल्या फेरिक क्लोराइडात काही मिनिटे बुडवितात. जुन्या काळी यासाठी हिराकशीसारखी लोहाची सल्फेटे वापरीत. नंतर पाते धुऊन खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने अम्लाचा अंश नाहीसा करतात व उंचवटे हलकेच घासून तेल लावतात. निकेलयुक्त थर उंच व रुपेरी, तर दुसरे थर खोल व काळे दिसतात. आतील फट, अपुरा जोड इ. दोष याच वेळी नजरेस येतात.

मूठ : मुठीस कठीण, दाट रेषांचे व पूर्ण वाळलेले लाकूड लागते. शिसवी, आबनूस, अक्रोड, ऑलिव्ह, मॅपल इ. लाकडे विशेष पसंत केली जातात. गाठीच्या भागातील लाकडात रेषांची सुंदर गुंतागुंत असते. परंतु ते सर्व दिशांनी सारखे आकुंचन पावत नाही. त्यामुळे मऊ व गाठीदार लाकडातील हवा निर्वातात काढून त्यात कृत्रिम रेझीन भरतात व ते उष्णतेने घट्ट करतात. पावसाळ्यात लाकूड फुगते व कोरड्या हवेत आकसते, पोलाद मात्र तसेच राहते; म्हणून न वाळलेल्या लाकडाची मूठ काही महिन्यांत पात्यापासून सुटते किंवा तडकते. ओकसारख्या टॅनीनयुक्त लाकडाच्या ओलसर स्पर्शाने पोलाद काळे पडते व गंजते.

मूठ बसविण्याच्या दोन मुख्य पद्धती आहेत. पहिल्या पद्धतीत पात्याचा मागील भाग मुठीच्या पूर्ण आकाराचा ठेवून त्याच्या दोन्ही बाजूंस लाकडाच्या पट्ट्या रेझीनने चिकटवितात व धातूच्या खिळ्यांनी रिव्हेट करतात. दुसरीत तो भाग निमुळता करून लाकडाच्या अखंड तुकड्यातील भोकात बसवितात व तोंडाशी शेंबी घालतात. जुने कारागीर या कामी राळ व लाख वापरीत. शिसवीसारख्या तेलकट लाकडाचा पृष्ठभाग ॲसिटोनाने पुसल्याशिवाय रेझीन नीट धरत नाही. शेवटी मूठ हाताच्या पकडीप्रमाणे घासून जवसाच्या तेलाची पुटे देतात. शिसवीचा भुसा काही जणांच्या त्वचेस व श्वसनमार्गास बाधतो, म्हणून तोंडावर मुखपट्टी बांधणे आवश्यक असते. शिसवी ज्या डाल्बर्जिया प्रजातीतील आहे, तिच्या सर्व जातींचा आंतरराष्ट्रीय व्यापार संकटग्रस्त जातींविषयीच्या करारानुसार २०१७ पासून नियंत्रित झाला आहे.

नक्षी व गुणवत्ता : कठीण व मृदू पोलादांचे थर एकत्र आल्यामुळे पाते एकाच वेळी कठीण व चिवट होते, असे पुष्कळदा सांगितले जाते. थर जाड असताना यात काही तथ्य असते. परंतु शेकडो थरांच्या पात्याबाबत ते टिकत नाही. जोडण्याच्या उष्णतेस कार्बनाचे विसरण अतिशय जलद होते. सु. १,२००° से. तापमानास दशांश मिमी. अंतर तो सु. एका मिनिटात ओलांडतो. त्यामुळे पुष्कळ कार्बनाचे पोलाद व मृदू लोखंड एकत्र केल्यास लगड पुरी होईपर्यंत दोहोंतील कार्बनाचे प्रमाण सारखे होते व धारेस हवे त्यापेक्षा ते कमी भरण्याचा धोका असतो. उलट निकेलास तेवढेच अंतर जाण्यास अनेक दिवस लागतील. म्हणून नक्षी टिकून राहते. पण ती कठीण-मृदू थरांची नव्हे, तर निकेलाच्या कमी-अधिक प्रमाणाची खूण असते. दोन्ही पोलादे आरंभीच पुरेशा कार्बनाची घ्यावीत, हा नियम याच कारणाने पाळला जातो.

सुरीची धार किती काळ टिकेल व पाते किती ताण सोसेल, हे पोलादाची जात, उष्णता संस्करणातील काळजी व धारेचा कोन यांवर अवलंबून असते. चांगले संस्करण केलेल्या एकाच पोलादाच्या साध्या पात्याहून नक्षीदार पाते अधिक चांगले कापते असे नाही. वाईट संस्करण केलेले नक्षीदार पाते मात्र निश्चितच निरुपयोगी असते. वर उल्लेखिलेल्या अमेरिकन संस्थेची सर्वोच्च परीक्षा या दृष्टीने उद्बोधक आहे. उमेदवारास स्वतः घडविलेल्या किमान ३०० थरांच्या पात्याने मोकळा लोंबकळणारा १ इंच (सु. २·५ सेंमी.) जाडीचा दोर एका घावात कापावा लागतो, लाकडाच्या फळ्या तोडाव्या लागतात व लगेच त्याच धारेने हातावरील केस काढून दाखवावे लागतात. शेवटी ते पाते शेगड्यात धरून ९० अंशांत वाकवितात. ते दुभंगले तर उमेदवार अनुत्तीर्ण ठरतो. या परीक्षेत नक्षीच्या सौंदर्यास गुण नाहीत. त्याची पारख निराळ्या सुऱ्यांवरून होते.

पारख व निगा : बाजारात केवळ पृष्ठावर अम्लाने वा लेसर किरणांनी नक्षी उठविलेल्या सुऱ्याही विकल्या जातात. खऱ्या थरांच्या पात्यात रेषा पाठीच्या कडेवरून वळून दुसऱ्या बाजूस जातात व घासून नाहीशी केलेली नक्षी अम्लक्रियेने पुन्हा दिसते; खोट्या नक्षीत या दोन्ही गोष्टी होत नाहीत. मात्र थर खरे असले, तरी तेवढ्यावरून पोलाद चांगले आहे असे ठरत नाही. कोणती पोलादे वापरली व कोणते संस्करण केले, हे सांगणाऱ्या कारागिराकडूनच सुरी घेणे श्रेयस्कर होय. यांतील बहुतेक पोलादे गंजणारी असल्याने वापरानंतर पाते लगेच धुऊन कोरडे करतात व तेलाचा हात देतात. चामड्याच्या म्यानात ते दीर्घकाळ ठेवू नये, कारण चामड्यातील ओल व कमावण्याची द्रव्ये यांमुळे गंज चढतो.

भारतात शस्त्र अधिनियम, १९५९ व त्याखालील नियमांनुसार ९ इंचांहून (सु. २३ सेंमी.) लांब किंवा २ इंचांहून (सु. ५ सेंमी.) रुंद पात्याच्या सुऱ्या शस्त्रांत मोडतात व अधिसूचित क्षेत्रांत त्यांना परवाना लागतो. घरगुती, शेतीच्या, शास्त्रीय व औद्योगिक उपयोगाची साधने यांतून वगळलेली आहेत. महाराष्ट्रातील लोहार आज वाहनांच्या जुन्या पाट्यांपासून कोयते व विळे घडवितात. तापमानाचा रंगावरून अंदाज, घणाचा ताल व पाणी देण्याची वेळ हे जे कसब त्यांच्या हाती आहे, तेच नक्षीदार पात्याचेही मूळ भांडवल होय.